काच पुसणारी हवा

गाडीतला ब्लोअर म्हणजे एसीचा पंखा, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. उन्हाळ्यात तो जोरात फिरला की आपण खूश. पावसाळा लागला, हवा गार झाली की त्याची आठवणही कोणी काढत नाही. हीटरचं तर विचारायलाच नको. पुण्या-मुंबईकडच्या कित्येक गाड्यांमध्ये तापमानाचा खटका निळ्या टोकाला जाऊन बसलेला असतो, तो गाडी विकेपर्यंत तिथून हलत नाही. “आपल्याला कशाला लागतोय हीटर?” हे मी वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

मला हे मनापासून खटकतं. ब्लोअर आणि हीटर यांची जागा ब्रेक, टायर आणि वायपर यांच्या रांगेत आहे. सह्याद्रीच्या घाटातून पावसाळ्यात गाडी न्यायची तर समोरचा रस्ता दिसणं या जोडीवर अवलंबून असतं. वायपर काचेच्या बाहेरचं पाणी काढतो. काचेच्या आतल्या बाजूला धरलेलं पाणी काढायला गाडीत दुसरी कुठलीही सोय नाही.

हे आतलं पाणी येतं आपल्याकडूनच. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीवाटे तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. छोट्या गाडीच्या पोटात जेमतेम ३ घनमीटर हवा मावते, आणि २० अंशांची हवा घनमीटरमागे १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. म्हणजे सगळ्या गाडीत मिळून पन्नासेक ग्रॅम. चार माणसं आणि बंद काचा असल्या, तर कोरडीठाक हवासुद्धा पाव तासात भरून जाईल. आणि जुलैत घाटातली हवा कोरडी कुठली असायला? ती आधीच भरलेली असते. त्यात ओल्या छत्र्या, निथळणारे रेनकोट, चिखलाच्या चपला. बाहेरून पाऊस काचेला थंड करत असतो, आतली वाफ त्या थंड काचेला टेकते आणि तिथेच दव होऊन बसते. दोन-चार मिनिटांत समोर पांढरा पडदा.

यावरचा उपाय गाडी बनवणाऱ्यांनी फार विचारपूर्वक करून ठेवला आहे. बाहेरची हवा आत घ्यायची, एसीच्या थंड जाळीवरून नेऊन तिच्यातलं पाणी गाळायचं (गाडीखाली ठिबकतं ते हेच), मग ती हीटरच्या गरम जाळीतून काढायची आणि काचेवर सोडायची. १० अंशांपर्यंत गार केलेल्या हवेत घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅमच्या आत वाफ उरते. तीच हवा ३० अंशांपर्यंत तापवली की तिची वाफ धरायची ताकद ३० ग्रॅमवर जाते. अशी तहानलेली हवा काचेवरचं दव बघता बघता पिऊन टाकते. म्हणून पावसाळ्यात एसी आणि हीटर एकाच वेळी लावायचे असतात. हे सांगितलं की लोक चमकतात. गार आणि गरम एकदम कसं? तर गार करणं पाणी काढण्यासाठी, आणि गरम करणं ती हवा कामाला लावण्यासाठी. हीटरला वेगळं इंधनही लागत नाही. इंजिन थंड ठेवणारं जे पाणी एरवी रेडिएटरमध्ये जाऊन आपली ऊब वाऱ्यावर सोडतं, तेच थोडं हीटरच्या जाळीत फिरवलेलं असतं. फक्त ही सगळी हवा ढकलायला कोणीतरी हवं. ते काम ब्लोअरचं.

थंड देशांनी हे फार आधी ओळखलं. १९३८ मध्ये अमेरिकेत नॅश कंपनीच्या मोटारींत बाहेरची ताजी हवा पंख्याने ओढून, गरम पाण्याच्या जाळीतून फिरवून आत सोडणारी यंत्रणा आली. त्याआधीचे बरेचसे हीटर आतलीच हवा पुन्हापुन्हा तापवत बसायचे. माणसांना ऊब मिळायची, काच मात्र तशीच. आजही अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षा मानकांमधलं १०३ क्रमांकाचं मानक फक्त याच विषयावर आहे: समोरच्या काचेवरचं दव आणि हिम घालवणारी यंत्रणा. एक अख्खं मानक त्यासाठी लिहावंसं वाटलं, यावरून त्या लोकांनी या गोष्टीला कुठे बसवलं आहे ते कळतं.

आमची गाडी जुनी, छोटी, साधी. ब्लोअरला गोल खटका, शून्य ते चार. मार्चमध्ये त्याचे एक, दोन आणि तीन गेले, चार तेवढा राहिला. हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की त्यावरून गाडी न उघडता निदान करता येतं. अशा खटक्यांच्या गाडीत ब्लोअरचा वेग कमी करायला मोटरच्या वाटेत रेझिस्टर घातलेला असतो, तारेची तीन वेटोळी. एकवर सगळी वेटोळी वाटेत येतात, दोनवर एक सुटतं, तीनवर आणखी एक, आणि चारवर मोटरला रेझिस्टर वगळून थेट वीज मिळते. म्हणून रेझिस्टर जळला की खालचे वेग जातात आणि चार शाबूत राहतो. आम्ही ज्या वर्कशॉपला गाडी देतो तिथे रेझिस्टर बदलून मिळाला. काही आठवड्यांत तोही गेला. “लोकल माल लागला असेल,” असं म्हणून त्यांनी दुसरा बसवला. मोटरकडे कोणी पाहिलं नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे हात घालून, कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) काढून, नवा रेझिस्टर बसवून, कपलर पुन्हा लावून, पाच मिनिटांत काम संपत होतं.

जुलैत सासऱ्यांना, नानांना, घेऊन महाडला निघाले. नाना एसटीत ड्रायव्हर होते, महाड डेपोला. वरंध घाटाने भोरवरून पुण्याला गाड्या आणण्यात त्यांची उमेद गेली. आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून गाडी मी चालवते आणि ते शेजारी बसून रस्ता वाचतात. मुळशीचं धरण मागे पडलं आणि पावसाने धार धरली. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. घाटमाथ्यावर पाच हजारांच्या वर. दीड-दोन तासांच्या रस्त्यात एवढा फरक. ताम्हिणीच्या अलीकडे प्लॅस्टिक तापल्याचा वास आला, ब्लोअरचा आवाज खाली खाली गेला आणि थांबला. खटका एकवर, चारवर, कुठेच काही नाही. काच कडांकडून धुरकटायला लागली आणि नानांच्या बाजूने पांढरी होत माझ्याकडे सरकली.

“गाडी कडेला घे,” नाना म्हणाले. “आधी दिसू दे, मग पुढं.”

कडेला एक टपरी होती, तिच्या पुढ्यात थांबलो. ब्लोअर नसताना काय काय हाताशी उरतं ते इथे सांगते, कारण ही वेळ कोणावरही येऊ शकते. आतली हवा आत फिरवण्याचा खटका बंद करून बाहेरची हवा सुरू ठेवायची, तापमान पूर्ण लालवर, झोत काचेकडे. गाडी चालत असली की पुढून येणारा वारा थोडा का होईना आपोआप आत शिरतो आणि गरम जाळीतून जातो. घाटात वेग कमी, म्हणून हा वाराही कमीच. पण काचेच्या तळाशी हातभर पट्टा स्वच्छ राहिला. दोन्हीकडच्या काचा दोन बोटं उघड्या, मग खांदा भिजला तरी चालेल. ओल्या छत्र्या मागे डिकीत. आणि सुती फडकं. हाताने काच पुसू नये. हाताचं तेल काचेला लागतं आणि त्यावर दव आणखी चिकाटीने धरतं, समोरच्या दिव्यांचे फराटे दिसतात.

नानांनी फडकं स्वतःकडे घेतलं. “आमच्या गाड्यांना इंजिनच शेजारी,” ते काच पुसता पुसता सांगत होते, “बॉनेटची ऊब काचेला लागायची. वायपर दमला की तंबाखू चोळायचो. बाहेरून. थेंब उभा राहत नाही मग, पाणी पसरून खाली जातं. आतल्या बाजूला मात्र हेच, फडकं. कंडक्टर पुसायचा, मी चालवायचो.” त्या दिवशी ते कंडक्टर झाले आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरले.

माणगावात हायवेला लागून पत्र्याच्या शेडमध्ये एक वायरमन भेटले. गाड्यांची फक्त वीज बघतात, इंजिनाला हात लावत नाहीत. पन्नाशीचे, शर्टाच्या बाहीवर सोल्डरिंगचे डाग. मी रेझिस्टरची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “ताई, रेझिस्टर आपण शेवटी बघू.”

आधी फ्यूज. तो ३० अँपिअरचा, हिरवा, आणि धडधाकट. त्यांनी तो काढलाही नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या बॉडीला लावला आणि सुईने फ्यूजच्या डोक्यावरचे दोन उघडे ठिपके टोचले. दोन्हीकडे दिवा लागला. टेस्ट लॅम्प म्हणजे मुठीत मावणारा दांडा, आत बारीक बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वायर. मल्टिमीटर त्यांच्याकडे होता, भिंतीला टांगलेला. तो का नाही वापरत, असं विचारलं तर म्हणाले, “तो नुसता व्होल्ट सांगतो. वायरीचा एक केस जरी शिल्लक असला तरी बारा दाखवील. बल्बला जळायला करंट लागतो, तो खोटं बोलत नाही.” मला हे फार पटलं. भार टाकल्याशिवाय जोडाची परीक्षा होत नाही.

मग ते डाव्या सीटखाली पाठ टेकून, डोकं डॅशबोर्डच्या आत घालून आडवे झाले. मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरी. पहिलीला सुई लावली, दिवा लागला. दुसरीला लावली, पुन्हा लागला. माझ्या समजुतीने एका वायरीत वीज असावी आणि दुसरी अर्थची, म्हणजे वीज गाडीच्या बॉडीवाटे परत नेणारी, असावी. दोन्हीकडे दिवा कसा? आतूनच आवाज आला, “बरोबर आहे ताई. करंट मोटरीतनं आरपार येतोय. पुढं अर्थ मिळत नाही.”

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण भले भले इथे चकतात. पुष्कळ गाड्यांमध्ये मोटरला धन बाजूची वीज रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या खटक्यातून) सरळ मिळते आणि रेझिस्टर व खटका हे दोन्ही मोटरच्या पलीकडे, अर्थच्या वाटेवर बसवलेले असतात. आपण खटका फिरवतो म्हणजे वीज सोडत नसतो, तिची परतीची वाट उघडत असतो. ती वाट तुटली की वीज मोटरच्या पलीकडच्या टोकापर्यंत येऊन ताटकळते, आणि मोटर शाबूत असूनही फिरत नाही. उलट मोटरच आतून तुटलेली असती तर दिवा एकाच वायरीवर लागला असता. आणि अर्थच्या बाजूची खात्री करायची तर चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावून सुईने ती बाजू टोचायची. त्यांनी तेही केलं. दिवा लागला नाही. एक दिवा, दोन वायरी, आणि दोष कुठल्या हद्दीत आहे ते ठरलं. एकही भाग विकत न घेता.

परतीच्या वाटेवर पहिला थांबा रेझिस्टरचा. त्याचा कपलर त्यांनी ओढला तर तो सहज निघेना. निघाला तेव्हा एका कोपऱ्यात पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं, आतली पितळी पिन निळीकाळी पडली होती. घाटात आलेला वास हाच. रेझिस्टरही गेला होताच. मला वाटलं, झालं, आता नवा कपलर आणि नवा रेझिस्टर.

त्यांनी कपलर तळहातावर धरला. “हा जळला, खरंय. पण याला जाळला कुणी?”

या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहायला बसले. वर्कशॉपमध्ये मार्चपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जळलेला भाग डोळ्यांना दिसतो, वास येतो, हातात घेता येतो, म्हणून सगळा ठपका त्याच्यावर जातो. तो बदलला की गाडी सुरू होते, बिल होतं, सगळे समाधानी. ज्याने तो जाळला तो मात्र आत तसाच राहतो आणि नव्या भागाला त्याच मार्गाने न्यायच्या तयारीत असतो.

मोटर खाली ओढून काढायला तीन स्क्रू. ती पंख्यासकट हातात आली आणि तिच्यापाठोपाठ पायाशी कचरा सांडला. गुलमोहोराची पानं, ती बारीक, पोह्यांसारखी, सुकून काळी झालेली. फिल्टरच्या कागदाची उंदराने कुरतडून केलेली लोकर. आणि एका बाजूला पंख्याच्या पात्यांमध्ये बसून घट्ट झालेली माती. पुण्यात आमची गाडी गुलमोहोराखाली उभी असते. वसंतात त्याची पानगळ वायपरच्या खालच्या जाळीवर पडते आणि तिथून हवेच्या वाटेने थेट आत उतरते. उंदरांना तर ही जागा आवडतेच. कोरडी, अंधारी, आणि बिछान्याला फिल्टरचा कागद तयार.

वायरमननी पंख्याला बोटाने टिचकी दिली. चांगली मोटर अशी टिचकी दिली की स्वतःहून दोन-तीन वेढे घेते. ही अर्ध्या वेढ्यात थांबली. नंतर त्यांनी बॅटरीवरून थेट दोन वायरी आणल्या आणि मध्ये काट्याचा एक जुना अँपिअर मीटर लावला. मोटर कुरकुरत फिरली. नानांनी चष्मा वर करून काटा वाचला, “अठरा.” वायरमन म्हणाले, “दहा-अकरा पाहिजे होते.”

कारण इथे होतं. मोटरचा दांडा ज्यांत फिरतो ते दोन्ही बुश कोरडे पडले होते, पंखा एका बाजूने जड झाला होता, आणि ज्या दोन कार्बनमधून वीज आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, मिळते ते झिजून तिरके झाले होते. मोटर जड फिरते तेव्हा ती जास्त करंट ओढते. अठरा अँपिअर ३० च्या फ्यूजला काहीच नाही, तो गप्प राहतो. पण वाटेतल्या कपलरचं काय? जोडात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. अकराच्या जागी अठरा म्हणजे करंट दीडपटीहून थोडा जास्त, उष्णता मात्र अडीचपटीच्या वर. पिन तापते, तापून तिची पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते. रेझिस्टरमध्ये तर जास्त तापलं की तुटून जाणारी एक कडी मुद्दाम ठेवलेली असते. ती तुटते, आणि आपण म्हणतो रेझिस्टर लोकल होता. वर आणखी एक. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, ब्लोअरच्या वाऱ्याने त्याने गार राहावं म्हणून. फिल्टर चोंदला, वारा कमी झाला, की त्याची ही सोयही जाते.

(कोणी अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज घालायला सांगेल, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवेल. कृपा करून कोणाचंही ऐकू नका. फ्यूज वायरीच्या जाडीला बेतलेला असतो. मोठा फ्यूज घातला की जळायची पाळी वायरीवर येते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आतून गेलेली असते.)

दुरुस्ती बघत मी आणि नाना बाकावर बसून राहिलो. पंखा रॉकेल आणि ब्रशने धुतला. कार्बन जिच्यावर घासतात ती कॉम्युटेटरची काळी पडलेली तांब्याची कडी बारीक पॉलिश पेपरने, फिरवत फिरवत, उजळली. पट्ट्यांमधल्या खाचा सुईने साफ केल्या. बुशांना पातळ मशीन ऑईलचे थेंब दिले आणि ते मुरायला वेळ दिला. ग्रीस का नाही, तर ग्रीसला धूळ धरते, आणि हे बुश सच्छिद्र असतात, तेल पोटात साठवून ठेवतात. कार्बनसाठी त्यांनी एक पत्र्याचा डबा उपडा केला. डब्यात मिक्सरचेही कार्बन होते, आकाराला जवळजवळ तसेच. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं तर ते म्हणाले, “ते घरच्या लायटीचे. बारा व्होल्टला तांब्याचा कार्बन लागतो.” आणि त्यांनी दुसऱ्या एका मोटरचा कार्बन उचलून उजेडात धरला. त्यात खरंच तांबूस झाक होती. कमी व्होल्टच्या मोटरला जास्त करंट लागतो, तो नुसत्या कोळशातून सुखाने वाहत नाही, म्हणून त्यात तांबं मिसळलेलं असतं. तो कार्बन कानशीने घासून, मोटरीतल्या त्याच्या घरात बसवून, पुन्हा काढून, पुन्हा घासून त्यांनी बरोबर केला. कार्बन घरात अडकता कामा नये, स्प्रिंगने आपसूक पुढे सरकला पाहिजे.

मीटर पुन्हा लावला. काटा अकरावर. टिचकी दिली तर पंखा सावकाश, बिनआवाज फिरत राहिला. नानांनी स्वतः उठून आणखी एकदा टिचकी देऊन पाहिली. त्यानंतर कुठे कपलर आणि रेझिस्टरची पाळी आली: जळलेलं टोक कापून नवी पिन, डाग देऊन, वर उष्णता सोसणारी नळी, रेझिस्टर पलीकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून. फिल्टर नवा. एक, दोन, तीन, चार, सगळे वेग आले. पैसे सांगितले ते एवढ्या कामाला फारच थोडे होते. नानांनी वरती जास्त ठेवले आणि वायरमननी ते परत केले, मग नानांनी ते टेबलावर ठेवून पाठ फिरवली.

माणगावनंतर इतर लोकांच्या गाड्यांबद्दलही मी कान उघडे ठेवते. ब्लोअर मध्येच बंद पडतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की सुरू होतो, किंवा मोटरच्या अंगावर पेचकसाच्या मुठीने ठोकलं की फिरायला लागतो, तर कार्बन संपत आले आहेत असं समजावं. ठोकण्यावर दिवस काढू नयेत. चिमणीसारखा चिवचिवाट, विशेषतः सकाळी, म्हणजे बुश कोरडे. खडखडाट म्हणजे पंख्यात काहीतरी पडलंय. मोटर जोरात फिरते, आवाज येतो, पण हवाच येत नाही, तर फिल्टर बघावा. खटका फिरवल्यावर कुठेच काही हालचाल नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग अर्थची वाट. काच सारखी धुरकटते, त्यावर चिकट थर येतो आणि गोडसर वास येतो, तर ब्लोअरला दोष देऊ नये: हीटरच्या जाळीतून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळत असतो, आणि ते प्रकरण तातडीचं. नव्या, आपोआप तापमान सांभाळणाऱ्या गाड्यांमध्ये वेटोळ्यांच्या रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतो. तो महाग असतो, म्हणून तिथे तर मोटर न तपासता मॉड्यूल बदलणं अधिकच अंगाशी येतं.

एक गोष्ट कोकणात उतरल्यावर उलटी होते, ती माहीत असावी. खाली हवा उबदार आणि दमट. एसी फार गार ठेवून झोत काचेवर सोडला तर काचच थंड होते आणि दव बाहेरच्या बाजूने धरतं. माणूस आतून पुसत राहतो आणि काही फरक पडत नाही. अशा वेळी वायपर एकदा फिरवावा आणि काचेवरचा झोत जरा गरम करावा. दव कुठल्या बाजूला आहे हे बोट टेकवून कळतं.

आता मे संपता संपता मी गाडी त्या वर्कशॉपला न्यायच्या आधी स्वतः तपासते. वायपरखालच्या जाळीतली पानं हाताने काढते, तिथून पाणी जायची भोकं मोकळी करते. ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर बघते. ब्लोअर चारवर थोडा वेळ चालवून बंद करते आणि लगेच रेझिस्टरच्या कपलरला हात लावते. कोमट असला तर ठीक, चटका बसला तर मोटर खाली घ्यायला सांगते. वर्कशॉपमधल्या मुलाला मी टिचकीची युक्ती दाखवली आणि त्याने ती लगेच उचलली. मध्यंतरी शेजाऱ्यांच्या गाडीचे खालचे वेग गेले तेव्हा त्याने रेझिस्टरच्या आधी मोटर खाली काढली. तीतही पानं होती. आमच्या सोसायटीत त्या गुलमोहोराखाली चार गाड्या उभ्या राहतात. आता चौघांनी मिळून जाळीवर घालायची झाकणं शिवून घेतली आहेत, आणि पानगळ सुरू झाली की रोज संध्याकाळी ती घालायची असं ठरलं आहे.